खरं कशावरून?

गेल्या पावसाळ्यात आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेला एक पाहुणे आले होते. अंगात जॅकेट, हातात स्लाइड बदलायचं बटण आणि दर तिसऱ्या वाक्यात ‘भविष्य’. त्यांनी सुरुवातीलाच तो नेहमीचा दाखला दिला. शंभर वर्षांपूर्वीचा डॉक्टर आजच्या ऑपरेशन थिएटरमध्ये आणून उभा केला तर तो गांगरून जाईल. पण शंभर वर्षांपूर्वीचा मास्तर आजच्या वर्गात आणा, तो निवांत खडू उचलेल आणि शिकवायला लागेल! सभागृहात हशा पिकला. माझ्या शेजारचे गुरुजी सकाळपासून तीन वेळा पोषण आहाराची माहिती ऑनलाइन भरायची खटपट करून थकले होते, तेही हसले. स्वतःवर हसून घ्यायची आम्हाला आता सवय झाली आहे.

मला हसू आलं नाही. शंभर वर्षांपूर्वीची आजी आजच्या घरात आणून उभी करा. ती मिक्सरला दचकेल, गॅसच्या शेगडीपासून दोन हात लांब राहील. पण पाळण्यातलं मूल रडायला लागलं की त्याला उचलून खांद्यावर घेईल आणि पाठीवर थोपटेल. तिला कोणी मागासलेली म्हणतं का? शंभर वर्षांत बदललं नाही म्हणून एखादं काम टाकाऊ ठरत असेल, तर जेवण भरवण्याची पद्धतही बदलायला हवीच.

वाचणाऱ्याला आता वाटेल, एवढ्यात वीज गेली असेल, पडदा काळा झाला असेल आणि पाहुण्यांवरच खडू उचलायची पाळी आली असेल. तसं काही घडलं नाही. वीज होती, प्रोजेक्टर झकास चालला, चहाबरोबर क्रीमरोलही मिळाला. सगळी यंत्रं सुरळीत चालू असताना पाहुणे जे बोलले तेच चूक होतं, हे मला सांगायचं आहे. ‘आमच्याकडे वीज नाही, रेंज नाही’ एवढंच रडगाणं गायलं, तर उद्या सोलर आणि टॉवर बसवून लोक विचारतील, आता काय म्हणणं आहे? माझं म्हणणं त्यानंतरही हेच राहणार आहे.

पाहुण्यांना एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. ते बोलले ते आज पालकसभेत, मंत्र्यांच्या भाषणात आणि लग्नाच्या पंगतीतही ऐकू येतं. त्याचा गोषवारा असा. जग धावतंय, शाळा मात्र जागच्या जागी आहे. उद्या कोणती कामं असतील हे आज कुणाला माहीत नाही, म्हणून मुलांना आत्तापासून तंत्रज्ञान द्या. मुलं तर जन्मतःच मोबाइल कोळून प्यायलेली आहेत, शिक्षकापेक्षा त्यांनाच जास्त कळतं. सगळी माहिती बोटावर आली आहे, ती डोक्यात कशाला कोंबायची? आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता आली. प्रत्येक मुलाला स्वतःचा न दमणारा, न चिडणारा मास्तर मिळेल. वाडीवरची पोर आणि मुंबईचा पोरगा एकच धडा बघतील आणि दरी बुजेल. या सगळ्यात अडथळा एकच, बदलायला तयार नसलेला शिक्षक.

इतकं गुळगुळीत बोलणं ऐकलं की हात फिरवून बघावासा वाटतो, खाली काय आहे ते. म्हणून एकेक घेते.

हे भविष्य नवीन आहे, हाच मुळात गैरसमज. ते माझ्या आजोबांपेक्षाही जुनं आहे. थॉमस एडिसन १९१३ साली एका मुलाखतीत म्हणाला होता की शाळांमधून पुस्तकं लवकरच बाद होतील, चलचित्रांमधून प्रत्येक विषय शिकवता येईल आणि दहा वर्षांत शाळा पार बदलून जाईल. ती दहा वर्षं १९२३ साली संपली. आपल्याकडे १९७५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवली गेली. वर्षभरानं उसनं परत करावं लागलं. १९८४ साली ‘क्लास’ नावाच्या सरकारी योजनेतून निवडक शाळांमध्ये बीबीसी मायक्रो संगणक आले. त्याच वर्षी पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. २०१७ साली तिला टाळं लागलं. २००४ साली खास शिक्षणासाठी एज्युसॅट उपग्रह आकाशात गेला. २००७ साली ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जगभर गाजलेल्या मोहिमेचे लॅपटॉप कर्जतजवळच्या एका धनगरवाड्यातल्या एकशिक्षकी शाळेत उतरले. २०११ साली स्वस्त ‘आकाश’ टॅबलेट दिल्लीत थाटामाटात झळकला. आता तो कुठं आहे, कुणी सांगू शकेल?

यातल्या कशाचीही मला टवाळी करायची नाही. बालचित्रवाणीचे कार्यक्रम मी लहानपणी डोळे मोठे करून पाहिले आहेत. पण प्रत्येक वेळी फीत कापताना ‘आता शिक्षणात क्रांती होणार’ असं सांगितलं गेलं आणि क्रांतीची गाडी चुकली तेव्हा दोष वर्गात उभ्या असलेल्या माणसावर गेला. आमच्या शाळेचं लोखंडी कपाट उघडून दाखवते. वरच्या कप्प्यात लोकवर्गणीतून घेतलेला प्रोजेक्टर, बल्ब गेलेला. नव्या बल्बची किंमत ऐकून शाळा व्यवस्थापन समितीनं तो विषय पुढच्या सभेवर ढकलला, ती सभा अजून व्हायची आहे. मधल्या कप्प्यात बॅटरी फुगलेले चार टॅब. खाली एक संगणक, ज्याच्या खोलीत पूर्वी चपला काढून जावं लागे. मुलांना त्याला हात लावायची मुभा नव्हती. हळदकुंकू वाहायची होती.

आता दुसरी गोष्ट. पाहुण्यांनी एक आकडा पडद्यावर झळकावला. आज पहिलीत बसलेल्यांपैकी ६५ टक्के मुलं अशा नोकऱ्या करतील, ज्या अजून जन्मालाच आलेल्या नाहीत. साठ शिक्षकांनी तो वहीत उतरवून घेतला. खरं कशावरून, असं एकानंही विचारलं नाही. हा आकडा जागतिक आर्थिक मंचाच्या २०१६ च्या अहवालामुळं जगभर पसरला. आणि त्या अहवालानंही तो ‘एक लोकप्रिय अंदाज’ म्हणूनच दिला होता. अंदाज कुणाचा, कसा काढला, याचा पत्ता नाही. साठ शिक्षक उद्याच्या पिढीला विचार करायला शिकवण्याच्या भाषणात बसून एक बिनबापाचा आकडा निमूटपणे लिहून घेत होते, यापेक्षा मोठा विनोद त्या दिवशी झाला नाही.

बरं, आकडा खरा धरून चालू. उद्याची कामं कोणती हे कुणालाच माहीत नाही, असं तुम्हीच म्हणता. मग त्या अज्ञात कामांची तयारी याच टॅबवर, याच ॲपमधून, याच सहा महिन्यांच्या कोर्समधून होते, हे तुम्हाला कसं कळलं? ज्या गावाचा रस्ता ठाऊक नाही त्या गावाचं तिकीट विकणाऱ्याला आपण काय म्हणतो?

माझ्या पिढीची ही तिकिटं काढून झाली आहेत. आधी टायपिंगची ‘तीस’ आणि ‘चाळीस’. मग वर्डस्टार आणि लोटस. २००१ साली एमएस-सीआयटी आली, सरकारी नोकरीत तिचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं, आणि ‘फाइल’च्या मेनूत वरून तिसरं काय आहे हे गुरुजी मंडळी पाठ करत बसली. पुढच्या आवृत्तीत मेनूच बदलला. अलीकडं कोडिंगची लाट आली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आलं, तर जाहिरातींमध्ये सहा वर्षांची पोरं ॲप बनवून गुंतवणूकदारांना दारात उभं करू लागली. दोन-तीन वर्षांतच बातमी आली की आता कोड यंत्रच लिहितं. यंत्र वापरायला शिकवणं म्हणजे भविष्याची तयारी असेल, तर ते भविष्य साधारण चार वर्षं टिकतं, हा आमचा रोकडा अनुभव आहे.

तिसरी गोष्ट, मुलांना म्हणे सगळं कळतं. हे कौतुक विशेषतः आजोबा लोक करतात: नातवानं मोबाइलचं सेटिंग नीट करून दिलेलं असतं. बोट सरकवता येणं आणि समजणं यांत फरक आहे, हे सांगायला पदवी लागू नये. ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०२३ च्या पाहणीत देशातल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांमधल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना तपासलं. जवळजवळ ९० टक्के जणांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो त्यांना वापरता येत होता. याच मुलांपैकी सुमारे एक चतुर्थांश जणांना दुसरीच्या पातळीचा उतारा आपल्या भाषेत सरळ वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायचं गणित ४३ टक्क्यांनाच सुटलं. मोबाइलनं कळायचं असतं, तर आतापर्यंत कळून चुकलं असतं.

त्या भागाकाराचाच एक किस्सा सांगते, कारण न दमणाऱ्या मास्तराचा हिशेब त्यातच होतो. पाचवीतला एक मुलगा ॲपवर गणितं सोडवत होता. ६१२ भागिले ६. त्यानं १२ लिहिलं. यंत्र म्हणालं, चूक, पुन्हा प्रयत्न करा. त्यानं पुन्हा १२ लिहिलं. यंत्रानं मोठ्या मनानं त्याला सोपं गणित दिलं, ते बरोबर आलं, पडद्यावर तारे उडाले आणि पोरगं खूश. यंत्र दमलं नाही, चिडलंही नाही. फक्त पोरगं कुठं अडलंय हे त्याला कळलं नाही. मी शेजारी बसले आणि म्हटलं, ‘अरे, सहाशे बारा लिंबं सहा जणांत वाटलीस, प्रत्येकाला बारा आली. बाकीची कुठं गेली?’ तो थोडा वेळ गप्प बसला, मग हसला. ‘बाई, शंभर-शंभर तर राहिलीच की!’ मधलं शून्य त्याचं त्यानं लिहिलं. पुन्हा ती चूक त्यानं केली नाही. उद्या याहून हुशार यंत्र येईल, तेही लिंबं वाटायला सांगेल, हे मला मान्य आहे. पण ते पोरगं हसण्याआधी गप्प बसलं होतं ना, तेवढा वेळ थांबायचं की पुढचं वाक्य बोलायचं, हे त्याच्या चेहऱ्याकडं बघून ठरवावं लागतं. मी थांबले. वर्गातली निम्मी विद्या या थांबण्यात असते आणि ती कोणत्याही स्लाइडवर दाखवता येत नाही.

चौथी गोष्ट ही माझ्या रागाचं खरं मूळ आहे. ‘सगळं गूगलवर आहे, पाठ कशाला करायचं?’ आमची शाळा अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या बाजूला. सहावीच्या मुलांना मी म्हटलं, कळसूबाईची उंची शोधा. माझा मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्यातल्या सहायकाला विचारलं. उत्तर झटक्यात आलं, शुद्ध मराठीत, पूर्ण आत्मविश्वासानं: ५४०० मीटर. गटानं ते वहीत उतरवलं, खाली दोन रेघाही मारल्या. मी गप्प राहिले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ‘बाई, एव्हरेस्ट ८८४८ मीटर ना? मग कळसूबाई त्याच्या निम्म्याहून जास्त? मी नवरात्रात आत्याबरोबर देवीला गेले होते. सकाळी चढलो आणि दुपारी जेवायला खाली.’ मग सगळे कामाला लागले. उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. यंत्रानं फुटाचे मीटर केले होते.

आता मला सांगा, या मुलीला शंका आली ती कुठून? ८८४८ हा आकडा तिच्या डोक्यात होता. गूगलवर होता म्हणून काही तिला शंका आली नाही. तो तिनं चौथीत घोकून पाठ केला होता. त्याच पाठांतराची पाहुण्यांनी टर उडवली होती. मीटर म्हणजे केवढा हे तिला ठाऊक होतं, कारण आम्ही पटांगण दोरीनं मोजलं होतं. आणि डोंगर तिच्या पायांत होता. डोक्यात काही नसलेल्या माणसाला शोधताही येत नाही. त्याला जे दिसेल ते पटतं. माहिती जितकी स्वस्त, तितकी ती पारखायला लागणारी पुंजी मोठी. मग डोकं रिकामं ठेवून भविष्यात जा, हा सल्ला देणाऱ्याचं नेमकं भलं कशात आहे? रिकाम्या डोक्याची गिऱ्हाइकं कुणाला हवी असतात?

पाचवी गोष्ट दरीची. एकच धडा सगळीकडं दिसला की दरी बुजते, हे २०२० च्या मार्चनंतरही कुणी बोलतं याचं मला नवल वाटतं. कोरोनानं शाळा बंद पडल्या त्या दोन वर्षांत आमच्या वाड्यांवर काय झालं? घरात फोन एक, तो बापाच्या खिशात, बाप कामावर. संध्याकाळी आला की आधी भावाच्या हातात, बॅटरी उरली तर बहिणीच्या. बागायती पट्ट्यात मजुरीला गेलेल्या घरांची पोरं आमच्या व्हॉट्सॲप गटात होती, पण धड्यात नव्हती. ‘असर’चीच पाहणी सांगते की स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडं स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के. शाळांचं सांगायचं तर २०२३-२४ च्या यू-डायस आकडेवारीनुसार देशातल्या ५७ टक्के शाळांमध्ये संगणक होते आणि ५४ टक्क्यांमध्ये इंटरनेट. पण समजा, उद्या प्रत्येक मुलीच्या हातात फोन आला. पुढं काय? शहरातल्या पोराच्या घरी पडद्याशिवाय पुस्तकं असतील, शिकवणी असेल, इंग्रजी बोलणारी आई असेल. आमच्या पोरीकडं फक्त पडदा असेल. श्रीमंतांच्या मुलांना माणसं आणि गरिबांच्या मुलांना यंत्रं, या व्यवस्थेला ‘समान संधी’ म्हणायला भलतंच धाडस लागतं.

आणि हे फक्त वाडीवरच्या बाईचं रडणं नाही. ज्या देशांनी ओंजळी भरभरून पैसे ओतले, त्यांनी काय पाहिलं? आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेनं २०१५ साली अनेक देशांचे निकाल तपासले. शाळांत संगणकांवर भरपूर खर्च करणाऱ्या देशांमध्ये वाचन, गणित, विज्ञानात ठळक सुधारणा दिसली नाही. पेरूनं लाखो मुलांना लॅपटॉप वाटले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. शाळांत पडदे आणण्यात पुढं असलेल्या स्वीडननं २०२३ साली छापील पुस्तकांसाठी सरकारी पैसा काढला. ते पुस्तकांकडं वळत असताना आपण पुस्तकपेटीचं कुलूप गंजवून टीव्हीला हार घालतोय.

सहावी गोष्ट, आणि इथं माझा सूर थोडा चढेल. शिक्षक म्हणे तंत्रज्ञानाला विरोध करतात. साहेब, माझा दिवस तंत्रज्ञानातच उगवतो. हजेरी ऑनलाइन. पोषण आहारात आज किती ताटं, किती तांदूळ, ऑनलाइन. यू-डायस, आधारची पडताळणी, अपार आयडी, शालार्थमधला पगार, प्रशिक्षणाची लिंक, लिंक उघडल्याचा पुरावा, वृक्षारोपणाचा फोटो, फोटोत तारीख आणि ठिकाण हवं. आमच्या दोनशिक्षकी शाळेत एक शिक्षक फोटो काढतो तेव्हा दुसरा सगळे वर्ग सांभाळतो. शाळेत तंत्रज्ञान नाही, असं कोण म्हणतं? ते दणकून आलं आहे. फक्त ते मुलांसाठी आलेलं नाही, वर माहिती पाठवण्यासाठी आलं आहे. मुलाला काय येतं हे बघायला मला वेळ नाही, कारण मुलाला काय येतं याची माहिती मी भरत असते. आणि वर आम्हीच मागासलेले!

इथं कुणीतरी नक्की बोट उचलणार: मग पष्टेपाडा? मग परितेवाडी? शहापूर तालुक्यातली पष्टेपाड्याची डिजिटल शाळा आणि पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणून २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवणारे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले ही तर आमच्यासारख्याच जिल्हा परिषदेच्या शाळांची उदाहरणं. मला दोन्हींचा अभिमान आहे, आणि दोन्ही माझ्याच बाजूची साक्ष देतात. क्यूआर कोड आता बालभारतीच्या पुस्तकांत छापलेले असतात, राज्यभर. मग राज्यातली प्रत्येक शाळा परितेवाडी झाली का? तोच कोड, तेच पुस्तक, तोच मोबाइल. फरक कशाचा पडला? आधी एका शिक्षकानं आपल्या मुलांना काय अडतंय ते पाहिलं, मग त्यासाठी साधन शोधलं. आपण मात्र त्यातलं साधन तेवढं उचललं, त्याचा शासन निर्णय काढला, आणि शिक्षकाचं ‘आधी पाहणं’ विसरून गेलो. भजनाच्या मेळ्यातून टाळ उचलून आणले आणि आता वाट बघत बसलोय, भजन कधी सुरू होतंय याची.

मुळात तंत्रज्ञान म्हणजे भिंतीवरचा पडदा, हे कुणी ठरवलं? ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढं कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांसोबत ते वाढवलं, तेव्हा परदेशी महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, पानं, खडे आणले. अरविंद गुप्तांनी आगकाडी आणि सायकलची व्हॉल्व्हट्यूब जोडून भूमितीचे आकार उभे केले आणि पुण्याच्या आयुकातल्या विज्ञानकेंद्रातून कचऱ्यातली खेळणी जगभर नेली. हे तंत्रज्ञान नव्हतं? की विक्रीला येत नाही म्हणून ते मोजायचं नाही?

माझ्या वर्गातलं तंत्रज्ञानही सांगते, म्हणजे मला यंत्राचं वावडं आहे ही समजूत दूर होईल. पाण्याच्या बाटल्या कापून मुलांनी पर्जन्यमापक केले. जून ते सप्टेंबर रोज सकाळी आठला पाऊस मोजला, भिंतीवर नोंदला. चार महिन्यांनी माझ्या जुन्या लॅपटॉपवर त्यांनीच ते आकडे भरले, आलेख काढला, आणि वर्तमानपत्रात येणाऱ्या भंडारदरा पाणलोटाच्या आकड्यांशी ताडून पाहिला. जुळेना. मग भांडण. एक गट म्हणे आपली बाटली चुकली. दुसरा म्हणे पेपर चुकला. शेवटी घाटघरला आजोळ असलेला एक मुलगा म्हणाला, ‘आमच्या मामाकडं कोसळतो तेवढा पाऊस इथं कधीच पडत नाही, बरोबर दोघंही असतील.’ त्या दिवशी मुलं संगणक शिकली, भूगोल शिकली, आणि आकडा खरा असूनही आपल्या दाराला लागू नसू शकतो, हेही शिकली. लॅपटॉप मी चार महिने कपाटात ठेवला होता. तो शेवटी आला म्हणून उपयोगी पडला. पहिल्याच दिवशी काढला असता, तर पोरांनी त्यावर पावसाचा व्हिडिओ पाहिला असता.

तेव्हा पुन्हा एकदा, खणखणीत सांगते. भविष्याची तयारी यंत्राच्या ओळखीनं होत नाही. ती ओळख कुठल्याही धडधाकट डोक्याच्या माणसाला आठ दिवसांत होते. आमच्या गावातल्या दूध संकलन करणाऱ्या पोरांना, पोस्टातल्या मावशींना आणि साठीच्या गुरुजींना ती झाली आहे. तयारीला वर्षं लागतात ती वेगळ्या गोष्टींची. आपल्या भाषेतला उतारा वाचून त्यातलं म्हणणं पकडता येणं. उत्तर काढायच्या आधी ते साधारण किती असावं, याचा अंदाज बांधता येणं. हातानं मोजलेलं असणं. आणि कुणीही, बाईंनी, पुस्तकानं, पुढाऱ्यानं किंवा यंत्रानं काही सांगितलं की मान डोलवण्याआधी विचारता येणं: खरं कशावरून? जिच्याकडं एवढं आहे, तिच्या हातात उद्याचं कोणतंही यंत्र द्या, ती त्याला राबवेल. जिच्याकडं हे नाही, तिला यंत्र राबवेल.

यासाठी आम्हाला काय हवं ते अगदी साधं आहे. वर्गाला एक शिक्षक द्या. चार वर्गांना दोन नकोत. माहिती भरायला माणूस नेमा. वाचायला पुस्तकं द्या आणि ती फाटली तर वसुली करू नका. यंत्रंही जरूर द्या. पण कोणतं, किती आणि कधी, हे शिकवणाऱ्याला विचारून द्या.

आणि साहेब, पुढच्या वेळी आमच्या शाळेची तपासणी करायला याल तेव्हा टीव्ही चालू आहे का, हे पहिल्यांदा विचारू नका. तो चालू आहे, फोटोही काढून ठेवला आहे. मागच्या बाकावरच्या मुलीला पुढं बोलवा. तिला काहीतरी ठामपणे, पण चुकीचं सांगा. आणि ती काय विचारते, ते ऐकायला थोडा वेळ थांबा.